शेंडेनक्षत्राचं डोकं

२०११ सालच्या यूपीएससी पूर्वपरीक्षेत एक प्रश्न होता : लघुग्रह आणि धूमकेतू यांत फरक काय? खाली तीन विधानं. पहिलं असं की लघुग्रह हे छोटे खडकाळ गोळे, तर धूमकेतू म्हणजे गोठलेले वायू, आणि त्यांना खडकाळ-धातुमय पदार्थांनी एकत्र धरून ठेवलेलं असतं. दुसरं, लघुग्रह बहुतेक करून मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान सापडतात, तर धूमकेतू शुक्र आणि बुध यांच्या दरम्यान. तिसरं, धूमकेतूला चमकती शेपटी दिसते, लघुग्रहाला दिसत नाही. बरोबर उत्तर : फक्त १ आणि ३.

दिल्लीच्या करोल बागेत आणि तिला चिकटून असलेल्या ओल्ड राजेंद्र नगरात हा प्रश्न दरवर्षी नव्याने सोडवला जातो. नांदेड, परभणी, बीड, सोलापूरहून आलेली पोरं दहा बाय दहाच्या खोल्यांत जुन्या प्रश्नपत्रिका घोटत बसलेली असतात. मीही त्यांतलाच. विट्याहून आलो, बीडनपुऱ्यात मामांच्या गलाईच्या दुकानाच्या माळ्यावर राहिलो, चार वेळा परीक्षा दिली आणि आता इतरांना विज्ञान-तंत्रज्ञान शिकवतो. हा प्रश्न फळ्यावर लिहिला की दुसरं विधान पोरं हसत खोडतात, तिसरं न वाचताच मान्य करतात. अडतो तो मी, पहिल्यापाशी. कारण १९८६ पासून जी जी यानं धूमकेतूजवळ जाऊन आली, त्या प्रत्येकाने या विधानाची वीण थोडीथोडी उसवली आहे. नेमकं काय उसवलं आणि काय अजून शाबूत आहे, ते एकदा सलग मांडावं म्हणून हा लेख.

आपल्याकडे धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणायची पद्धत होती. शेंडी असलेलं नक्षत्र. नाव अचूक आहे, कारण हजारो वर्षं माणसाने धूमकेतूची शेंडीच तेवढी पाहिली. वराहमिहिराने बृहत्संहितेत केतूंवर अख्खा अध्याय खर्ची घातला, त्यातही भर आहे तो केतूचं रूप, दिशा आणि फळं यांवर. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या निधनाच्या वेळच्या उत्पातांत भूकंपाबरोबर धूमकेतूही येतो. महाराज गेले एप्रिल १६८० मध्ये. ज्या प्रचंड धूमकेतूने त्या वर्षी जगभर खळबळ माजवली तो दिसू लागला नोव्हेंबरात. बखर लिहिली गेली पुष्कळ वर्षांनी, तोवर त्या वर्षाच्या दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या असाव्यात असा माझा आपला तर्क.

ही शेंडी लाखो किलोमीटर लांब. तिच्या मुळाशी असलेलं डोकं, ज्याला धूमकेतूचा गाभा किंवा केंद्रक म्हणतात, ते मात्र इतकं लहान की हॅलीसारख्या नामांकित धूमकेतूचंही करोल बागेपासून कुतुबमिनारापर्यंतच्या अंतरात मावेल. पृथ्वीवरून ते दिसत नाही, आणि त्याची अडचण मोठी गमतीची आहे. धूमकेतू लांब असताना गाभा उघडा असतो, पण तेव्हा तो दुर्बिणीत एक ठिपका. जवळ आला की तापतो, धूर आणि धूळ सोडतो, आणि स्वतःच्याच धुरात लपतो. म्हणजे पाहायचं असेल तर त्या धुरात शिरायलाच हवं.

शिरण्याआधी भांडण होतं ते गाभा आहे तरी का, यावर. केंब्रिजच्या लिटलटनचं म्हणणं, धूमकेतू म्हणजे एकत्र उडणारा वाळूचा थवा, मधे घट्ट असं काही नाही. अमेरिकेच्या फ्रेड व्हिपल यांनी १९५० साली उलट मांडलं : मधे बर्फाचा एक मळका गोळा आहे, त्यातून वाफेचे फवारे सुटतात, आणि त्या फवाऱ्यांच्या धक्क्यानेच धूमकेतू वेळापत्रकाच्या पुढेमागे होतो. एंकेचा धूमकेतू गणितापेक्षा लवकर येत असे, त्याचं कोडं यातून सुटलं. ‘मळका बर्फगोळा’ हा शब्द इतका चिकटला की आजही आमच्या नोट्समधून निघत नाही. परीक्षेतलं पहिलं विधानसुद्धा त्याचंच नातवंड.

१९८६ साली हॅली आला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पहाटे आजोबांनी उठवून माळावर नेलं. त्यांना दिसला, मला दिसला नाही. ‘दिसला’ म्हणून मान हलवली. त्याच मार्च महिन्यात पाच यानं त्याच्या वाटेवर होती. रशियाची व्हेगा १ आणि २, जपानची सुईसेई आणि साकिगाके, आणि युरोपचं जोत्तो. जपानी यानं लांबूनच गेली. व्हेगा सुमारे आठ-नऊ हजार किलोमीटरवरून गेल्या आणि गाभा नेमका कुठे आहे ते त्यांच्या छायाचित्रांवरून ठरलं. शीतयुद्ध ऐन भरात असताना रशियनांनी ती माहिती युरोपला दिली, आणि तिच्या आधारावर १४ मार्चला जोत्तो गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं. वेग सेकंदाला ६८ किलोमीटर. त्या वेगात धुळीचा एक कण म्हणजे बंदुकीची गोळी. अगदी जवळ पोचायच्या काही सेकंद आधी असाच एक कण आदळला, यान डुगडुगलं, पृथ्वीशी संपर्क तुटला. अर्ध्या तासाने ते सावरलं, पण कॅमेरा कायमचा गेला.

तोवर मिळालेली चित्रं पुरेशी होती. लिटलटनचा थवा तिथेच निकालात निघाला. गाभा आहे, बटाट्यासारखा, सुमारे १५ किलोमीटर लांब. पण बर्फाचा गोळा म्हणून जे पांढरं काही दिसायला हवं होतं ते कुठेच नव्हतं. पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परत पाठवणारा, कोळशाहून काळा डोंगर. वायूंत मुख्य पाण्याची वाफ, म्हणजे आत बर्फ आहे हे नक्की; फवारे मात्र पृष्ठभागाच्या थोड्याच भागातून, आणि तेही उन्हाच्या बाजूने. बाकी सगळं काळ्या कवचाखाली झाकलेलं. पहिल्या विधानाला पहिली चीर इथे गेली.

त्यानंतर पंधरा वर्षं फारसं काही घडलं नाही. जोत्तोलाच १९९२ साली दुसऱ्या एका धूमकेतूजवळून नेलं, पण ते आंधळंच होतं. २००१ मध्ये डीप स्पेस १ या यानाने बोरेली हा धूमकेतू पाहिला. तोही काळाच, वर बर्फाचा मागमूस नाही. २००२ मध्ये निघालेलं काँटूर यान पृथ्वीच्या कक्षेतून बाहेर पडतानाच फुटलं. मग आलं स्टारडस्ट, आणि ते मला मामांच्या दुकानात बसल्याशिवाय नीट कळलं नसतं.

खानापूर, आटपाडी, विटा या पट्ट्यातली माणसं देशभर सोन्या-चांदीच्या गलाईत आहेत, आणि करोल बागेत तर सराफ्याला लागून त्यांच्या गल्ल्याच. मूस, टाकणखार, तेजाब आणि दिवसभराची धग. पण मला लहानपणापासून नवल वाटायचं ते केराचं. कारागिराच्या खोलीतला केर कधी फेकत नाहीत. हात धुतलेलं पाणी, झाडूत अडकलेली माती, जुनी चटई, सगळं जपून ठेवतात, आणि मग येतो झारेकरी. दिल्लीत त्याला न्यारिया म्हणतात. तो ती माती धुतो, घोळतो, जाळतो, आणि पोतंभर केरातून चिमूटभर सोनं काढतो. डोळ्यांना न दिसणारं तिथे आहे, यावर त्याचं पोट चालतं.

स्टारडस्टने हाच धंदा केला. २ जानेवारी २००४ रोजी ते वाइल्ड २ या धूमकेतूपासून सुमारे २४० किलोमीटरवरून गेलं आणि पुढे धरलेल्या पॅडवर त्याची धूळ झेलली. पॅड एअरोजेलचं. हा पदार्थ काचेच्याच कुळातला, पण ९९ टक्क्यांहून जास्त हवा असलेला. सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने आलेला कण त्यात गाजरासारखं बीळ करत शिरतो आणि टोकाशी थांबतो. १५ जानेवारी २००६ रोजी त्या धुळीची कुपी युटाच्या वाळवंटात उतरली, आणि प्रयोगशाळांतल्या झारेकऱ्यांनी एकेक बीळ कापून एकेक कण काढायला घेतला. केसाच्या जाडीहूनही बारीक कण.

त्यात निघालं ते कोणाच्याच अपेक्षेत नव्हतं. धूमकेतू जन्मला सूर्यमालेच्या गोठलेल्या कडेला. त्याच्या धुळीत ऑलिव्हिनसारखी आणि कॅल्शियम-ॲल्युमिनियमची अशी खनिजं सापडली, जी हजार अंशांहून अधिक तापमानाशिवाय बनतच नाहीत. म्हणजे सूर्याजवळच्या भट्टीत तयार झालेला माल कसातरी बाहेर फेकला गेला आणि बर्फात जाऊन मिसळला. सूर्यमाला घडत असताना ती इतकी ढवळून निघाली होती हे एका केराने सांगितलं. पुढे २००९ मध्ये त्याच नमुन्यांत ग्लायसीन हे अमिनो आम्लही धूमकेतूचंच असल्याचं पक्कं झालं. माझ्या मते या साऱ्या इतिहासात खर्चाच्या मानाने सर्वाधिक शिकवून गेलेली मोहीम हीच. आणि लघुग्रह म्हणजे खडक, धूमकेतू म्हणजे वायू, ही सरळ वाटणी मोडायला तिनेच सुरुवात केली.

स्टारडस्टने जे उडून आलं ते झेललं. डीप इम्पॅक्टने दगडच मारला. त्या यानाने ३७० किलो वजनाचा, निम्मा तांब्याचा एक ठोकळा टेम्पल १ या धूमकेतूच्या वाटेत सोडला आणि ४ जुलै २००५ रोजी सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने तो त्यावर आदळला. रशियातल्या एका ज्योतिषी बाईंनी, आकाशातलं संतुलन बिघडून आपलं नशीब फिरलं, म्हणून नासावर दावा ठोकला होता. कोर्टाने तो फेटाळला. धूमकेतूचं काही बिघडलं नाही. बिघडला तो शास्त्रज्ञांचा अंदाज. इतकी धूळ उडाली, आणि तीही टाल्कम पावडरीसारखी बारीक, की खड्डा तिच्याआड झाकला गेला आणि यानाला तो दिसलाच नाही. सहा वर्षांनी जुनं स्टारडस्ट तिकडे वळवून खड्डा शोधावा लागला. सुमारे दीडशे मीटरचा, पुसट कडांचा.

इथे जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेची आठवण येते. हौशी निरीक्षकाला सापडलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं, आणि अवकाशात स्फोट घडवून त्याला वाटेवरून ढकलायचं ठरतं. एकीकडे हे, दुसरीकडे घरात शांतीसाठी यज्ञ. कथा वाचताना आपण यज्ञावर हसतो. पण डीप इम्पॅक्टनंतर ती वाचली की दुसराच प्रश्न पडतो : ढकलायचं ते आहे कसलं? खडक असेल तर धक्का लागेल. पावडरीचा ढीग असेल तर धक्का त्यातच जिरेल. म्हणून गाभा जवळून पाहणं हे नुसतं कुतूहल नाही.

डीप इम्पॅक्टलाच नोव्हेंबर २०१० मध्ये हार्टली २ या धूमकेतूजवळून नेलं. शेंगदाण्याच्या आकाराचा, दोन किलोमीटर लांबीचा हा गाभा उन्हात अक्षरशः उकळत होता. फवारे सुटत होते ते वाफेपेक्षा कार्बन डायऑक्साइडच्या बळावर. त्यांच्या जोराने बर्फाची ढेकळं बाहेर उडत होती. हर्शेल दुर्बिणीने मोजलेलं त्याच्या पाण्यातल्या जड हायड्रोजनचं प्रमाण पुढच्या वर्षी जाहीर झालं आणि ते आपल्या समुद्राशी जुळलं. समुद्र धूमकेतूंनी आणला, अशी हवा तयार झाली. ती तीन वर्षं टिकली.

इतका वेळ जे सांगितलं ते सगळं भोज्याला शिवून पळणं. यान यायचं, काही मिनिटं पाहायचं, निघून जायचं. रोझेटा यान राहायला गेलं.

ते खरं तर विर्टानेन नावाच्या धूमकेतूकडे जायचं होतं. डिसेंबर २००२ मध्ये एरियान ५ रॉकेटचं एक उड्डाण फसलं, रोझेटाचा मुहूर्त चुकला, आणि नवं ठिकाण शोधावं लागलं. निवड झाली ६७पी चुर्युमोव-गेरासिमेंकोची. १९६९ साली अल्मा-अतामध्ये स्वेतलाना गेरासिमेंको यांनी काढलेल्या छायाचित्रावर क्लिम चुर्युमोव यांना तो सापडला होता. २ मार्च २००४ ला निघालेलं यान पृथ्वीला तीनदा आणि मंगळाला एकदा वळसा घालत, गुरूच्या कक्षेजवळपर्यंत, नुसत्या सौरऊर्जेवर गेलं. तिथे ऊन इतकं क्षीण की यानाला अडीच वर्षं झोपवून ठेवावं लागलं. २० जानेवारी २०१४ ला ते आपणहून जागं झालं आणि ६ ऑगस्टला धूमकेतूपाशी पोचलं.

जवळ गेल्यावर दिसलं ते बदक. एक मोठा लोळा, एक लहान, मधे मान. मोठा चार किलोमीटरांचा, म्हणजे करोल बागेतून निघून कॅनॉट प्लेसला पोचावं एवढा. दोन वेगवेगळे धूमकेतू कधीकाळी माणसाच्या चालीने एकमेकांना येऊन चिकटले आणि तसेच राहिले. घनता पाण्याच्या निम्मी. समुद्रात टाकला तर तरंगेल. आतला सत्तर टक्क्यांहून अधिक भाग पोकळ. यानाच्या उपकरणाने हुंगलं तर अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन सायनाइड. सडकी अंडी आणि तबेला यांचा एकत्र वास. त्याशिवाय प्राणवायू, जो तिथे असेल असं कोणालाही वाटलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर २०१४. रात्री साडेनऊला क्लास सुटल्यावर मी मामांच्या दुकानात फोन लावून बसलो होतो. फिली नावाची शंभर किलोची पेटी रोझेटापासून सुटून सात तास पडत होती. सिग्नलला ५१ कोटी किलोमीटर यायला २८ मिनिटं, म्हणजे आपण पाहतो ते सगळं आधीच घडून गेलेलं. जर्मनीतल्या कक्षात टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. मामा भट्टी बंद करत होते. म्हणाले, “उतरलं का रं?” म्हटलं, “उतरलं मामा.”

ते उतरलं नव्हतं. धूमकेतूवर त्या शंभर किलोंचं वजन होतं एका कागदाएवढं. खाली दाबून धरणारी वरची वायुफुंकणी चालली नाही, जमिनीत घुसायचे भाले सुटले नाहीत, पायांतले स्क्रू रुतले नाहीत. फिली उसळलं, सुमारे एक किलोमीटर वर गेलं, जवळपास दोन तास तरंगत राहिलं, एका कड्याला आपटलं, आणि शेवटी एका कपारीत सावलीत तिरकं अडकलं. सौरपट्ट्यांना ऊन नाही. बॅटरी अडीच दिवसांची. त्या अडीच दिवसांत शास्त्रज्ञांनी जेवढं जमेल तेवढं उरकलं. हातोडीने जमीन ठोकली तर वरच्या थोड्या धुळीखाली ती दगडासारखी कडक. आणि सहा वर्षांनी, फिली जिथे दुसऱ्यांदा आपटलं होतं ती जागा छायाचित्रांतून शोधून हिशोब मांडला, तर तिथला खडक म्हणजे साबणाच्या फेसाहून मऊ. एकाच गाभ्यावर, काही मीटरांच्या अंतराने.

फिलीच्या पोटात २६ चिमुकल्या भट्ट्या होत्या. गिरमिटाने माती काढायची, भट्टीत टाकायची, तापवायची आणि काय निघतं ते तपासायचं. म्हणजे गलाईच. मामांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा त्या यानात रस वाटला.

“मग काय निघालं मुशीत?”

“काही नाही. गिरमिट फिरलं, पण भट्टीत माती पडलीच नाही. मूस रिकामी राहिली.”

मामा थोडा वेळ गप्प. मग, “कस लावल्याबिगर कसं कळायचं सोनं का पितळ?”

त्यांचा प्रश्न शास्त्रज्ञांचाही आहे. फिलीच्या नाकाने, पहिल्या उडीच्या वेळी उधळलेल्या धुळीतून, सोळा सेंद्रिय संयुगं टिपली. त्यांतली चार धूमकेतूवर आधी कधी सापडलेली नव्हती. पण ते हुंगणं झालं, कस नव्हे. गाभ्यातली माती जागेवर तापवून अजून कोणी पाहिलेली नाही.

रोझेटा मात्र दोन वर्षं सोबत राहिलं. सूर्याजवळ धूळ इतकी वाढली की यानाचे दिशादर्शक कॅमेरे धुळीच्या कणांना तारे समजू लागले, आणि त्याला दूर हटावं लागलं. जुलै २०१५ मध्ये एक कडा कोसळला आणि आतला पांढरा बर्फ उघडा पडला. कवचाखाली बर्फ आहे याचा असा डोळ्यांदेखतचा पुरावा पहिलाच. धुळीच्या कणांचं वजनाने जवळजवळ निम्मं कार्बनी द्रव्य निघालं. ग्लायसीन आणि फॉस्फरसही मिळाले. धूळ आणि बर्फ यांचं नेमकं प्रमाण किती यावर अजून वाद आहे, पण धुळीचं पारडं जड याकडे बहुतेकांचा कल. म्हणजे पहिलं विधान उलटं वाचायला हवं : गोठलेल्या वायूंना खडकांनी धरून ठेवलेलं नाही, काळ्या कार्बनी धुळीच्या सापटींत वायू गोठून बसले आहेत. मळका बर्फगोळा नव्हे, बर्फाळ चिखलगोळा.

समुद्राच्या प्रश्नाचं घोंगडं मात्र भिजतच आहे. रोझेटाने मोजलेला जड हायड्रोजन आपल्या समुद्राच्या तिपटीहून जास्त निघाला आणि हार्टलीने बांधलेली आशा विरली. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, रोझेटाचीच मोजमापं पुन्हा तपासली तेव्हा दिसलं की यानाजवळची धूळ तो आकडा फुगवते. धुळीपासून लांबची मोजणी घेतली तर तो समुद्राच्या जवळ येतो. एकाच धूमकेतूची एकाच यानाने केलेली मोजणी, आणि दोन निकाल. पोरांना मी सांगतो, या विषयावर निबंध आला तर ठाम वाक्य लिहू नका.

फिलीचा पत्ता लागला २ सप्टेंबर २०१६ ला, मोहीम संपायला महिना उरलेला नसताना. एका छायाचित्रात कपारीत तिरका पाय वर केलेला. ३० सप्टेंबरला रोझेटालाही हळूच त्याच धूमकेतूवर टेकवलं.

फिलीच्या महिनाभर आधी आपलं मंगळयानही एका धूमकेतूच्या वाटेत आलं होतं, हे फारसं कोणाच्या लक्षात नाही. १९ ऑक्टोबर २०१४ ला सायडिंग स्प्रिंग हा धूमकेतू मंगळापासून सुमारे १ लाख ४० हजार किलोमीटरवरून गेला. मंगळयान तिथे पोचून महिनाही झाला नव्हता. धुळीचा मारा चुकवण्यासाठी इस्रोने, आणि नासानेही, आपापली यानं त्या घटकेला मंगळाच्या आड राहतील अशी हलवली. नासाच्या यानाने त्याचा गाभा टिपला, तो अंदाजापेक्षा लहान निघाला. आपण बचाव खेळलो. त्या वेळी तेच शहाणपणाचं होतं.

धूमकेतूपर्यंत न जाता त्याचा माल घरच्या आकाशात शोधायचा प्रयोग मात्र आपल्याकडे झाला, आणि त्यामागे नारळीकर होते. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांचं म्हणणं होतं की जीवाणू धूमकेतूंतून पृथ्वीवर येतात. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही. नारळीकरांनी वाद घालण्याऐवजी फुगा सोडला. २००१ मध्ये एकदा आणि एप्रिल २००५ मध्ये पुन्हा, हैदराबादच्या टीआयएफआरच्या तळावरून निर्जंतुक नळकांड्या ४१ किलोमीटर उंचीपर्यंत पाठवून तिथली हवा गोळा केली. हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या प्रयोगशाळांत ती तपासली. दुसऱ्या उड्डाणात तीन नव्या जीवाणू-जाती मिळाल्या. एकीला हॉइलचं, एकीला आर्यभटाचं, एकीला इस्रोचं नाव दिलं. अतिनील किरणांना त्या दाद देत नव्हत्या. २००९ मध्ये निकाल जाहीर करताना इस्रोने स्पष्ट म्हटलं की यातून त्या बाहेरूनच आल्या असं सिद्ध होत नाही. खालूनच वर गेल्या असतील, ही शक्यता मला स्वतःला जास्त पटते. तरी प्रयोग झारेकऱ्याच्या जातीचा होता, आणि मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा मृत्युलेखांत त्याला एखादी ओळच मिळाली, याची खंत वाटली.

आता उणीव. आजवर ज्यांचे गाभे जवळून पाहिले ते सगळे जुने पाहुणे आहेत, हॅलीसुद्धा. सूर्याभोवती पुनःपुन्हा फिरून भाजलेले, कवच धरलेले. पहिल्यांदाच आत येणारा, कोरा धूमकेतू कोणी जवळून पाहिलेला नाही, कारण तो येतो हे कळतं तेव्हा यान बांधायला वेळ नसतो. म्हणून युरोप आणि जपान मिळून कॉमेट इंटरसेप्टर बांधत आहेत. २०२९ मध्ये सोडायचं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर दबा धरून ठेवायचं, आणि सावज दिसलं की मग वाट ठरवायची. सावज कोणतं ते आज ठाऊक नाही. ते हेरायचं काम आकाश धुंडाळणाऱ्या दुर्बिणींचं. त्यांपैकी पालोमारच्या झेडटीएफ या प्रकल्पामागे जी माणसं आहेत त्यांत कुरुंदवाडला जन्मलेले, १९७८ साली आयआयटी दिल्लीतून बाहेर पडलेले श्रीनिवास कुलकर्णी आहेत. २०२३ च्या सुरुवातीला जो हिरवा धूमकेतू गाजला तो या झेडटीएफनेच शोधलेला. करोल बागेतून तो दिसला नाही. गच्चीवर गेलो होतो. दिसले ते मेट्रोचे दिवे आणि धुक्यात उभा असलेला १०८ फुटी हनुमान.

राहिलं परीक्षेतलं तिसरं विधान, शेपटीचं. लघुग्रहांच्या पट्ट्यातच ३११पी नावाची एक वस्तू फिरते. २०१३ मध्ये हबलने पाहिली तेव्हा तिला एक सोडून सहा शेपट्या होत्या. तिला लघुग्रह म्हणावं की धूमकेतू, यावर अजून एकमत नाही. चीनचं तिआनवेन-२ यान मे २०२५ मध्ये निघालं आहे. आधी एका लघुग्रहाचा नमुना पृथ्वीवर पाठवून ते ३११पीकडे वळणार आहे, आणि तिथे पोचेल सुमारे २०३५ साली. तोवर, पोरांनो, उत्तरपत्रिकेत १ आणि ३ हेच रंगवा.